रिकाम्या पिस्तुलाची पोलीस लाइन

पोलीस लाइनीत संसार केलेल्या बाईला किस्से शोधत फिरावं लागत नाही. सणाच्या दिवशी मोरीत खरकटी भांडी साचतात तसे ते साचत जातात, आणि वरचं एक उचलायला जावं तर खालची चार खडखडत बाहेर येतात! अडचण एवढीच, की लोकांना आमच्या तोंडून दरोडे आणि खून ऐकायचे असतात. "फौजदाराची बायको न तुम्ही? मग एखादी गोळीबाराची गोष्ट सांगा की!" आता काय सांगू, कपाळ? गोंदियाच्या आमच्या वर्षांतल्या माझ्या झाडून सगळ्या गोष्टी रिकाम्या पिस्तुलाच्या आहेत.

त्याचं असं झालं. राज्य बदललं, आम्ही मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आलो आणि भंडाऱ्याला मुंबईकडचे नवे डीएसपी साहेब आले. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होतं. साहेबांच्या ध्यानात आलं, की इथले फौजदार वर्षातून एकदा, टेस्टच्या दिवशी पिस्तूल झाडतात आणि तेही डोळे मिटून. त्यांनी ऑर्डर काढली. प्रत्येक अधिकाऱ्यानं रोज संध्याकाळी घरी रिकामं पिस्तूल धरून चाप ओढायची प्रॅक्टिस करायची, म्हणजे हात स्थिर होईल. खरं म्हणजे ते होतं रिव्हॉल्व्हर, पण लाइनीत सगळे त्याला पिस्तूलच म्हणायचे, म्हणून मीही म्हणते.

लाइनीत अधिकाऱ्यांचे क्वार्टर तीन. पहिल्यात ठाणेदार कटरे, मधल्यात दुबेजी आणि शेवटच्यात आम्ही. आमचे हे नवे फौजदार, प्रोबेशनवर. पिस्तुलाच्या टेस्टमध्ये दोनदा नापास झालेले. साहेबांनी यांना समोर उभं करून स्वच्छ सांगितलं होतं, "या वेळी नापास झालात तर कायम करणार नाही. घरी जायचं." घर म्हणजे अमरावतीला थोरल्या दिरांची पिठाची गिरणी. मला पिठाची भीती नव्हती. मला जाऊबाईंची होती!

\*\*\*

साहेबांचे नियम कडक होते. पिस्तूल घरी आणलं की आधी गोळ्या काढायच्या. त्या घरातल्या दुसऱ्या माणसाच्या हातात द्यायच्या. त्या माणसानं गोळ्यांच्या चक्रीचं एकेक भोक बघून "रिकामं!" असं मोठ्यानं म्हणायचं आणि गोळ्या दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवायच्या. मगच जाड भिंतीकडं तोंड करून चाप ओढायचा. आता घरातला दुसरा माणूस म्हणजे कोण? बायको! एका रात्रीत आम्ही तिघी सरकारी कामाला लागलो. संध्याकाळी दिवेलागणीला एका क्वार्टरातून "रिकामं!", दुसऱ्यातून "खाली है जी!" असा पुकारा व्हायचा.

कटरेबाई या कामात सगळ्यांत काटेकोर. त्यांची नजर जरा अधू होती. भोकात दिसत नाही तर न बघता "रिकामं" कसं म्हणायचं? म्हणून त्या प्रत्येक भोकात करंगळी घालून खात्री करून घ्यायच्या. एक दिवस शेवटच्या भोकात करंगळी गेली ती गेलीच! ओढली तर सुजली. सुजली तर अजून रुतली.

तेवढ्यात ठाण्यातून शिपाई धावत आला. बाजारात दोन गाडीवानांची काठ्यांनी जुंपली होती, ठाणेदारसाहेबांनी ताबडतोब यावं.

कटरे गणवेश घालून तयार. पट्टा चढवला, टोपी घातली, पिस्तुलासाठी हात पुढं केला तर पिस्तुलाला बायको!

मी जवसाचं तेल घेऊन धावले. दुबेजींची बायको, आमची दुबाइन, साबण घेऊन आली. शिपाई दारात सलाम ठोकून उभा. कटरे घामाघूम होऊन म्हणाले, "अवो, निंगते का नाई ते बोट? तिकडं डोस्की फुटून राहिली न!"

कटरेबाई बोटावर तेल चोळत शांतपणे म्हणाल्या, "निंगत नाई तं काय करू? मले घेऊन चाला. पिस्तूल मी धरतो, बोलायचं तुमी बोला!"

\*\*\*

हात स्थिर आहे की नाही हे कसं ओळखायचं, याची युक्ती आमच्या गणपत जमादारांची. जमादार म्हणजे ठाण्यातले सगळ्यांत जुने. साहेब आले नि गेले, पण जमादार हलले नाहीत. ते म्हणाले, "पिस्तुलाच्या नळीवर बिडी ठेवा जी. चाप वढा. बिडी पडली तं समजा गोळी आभाळात गेली!"

गोंदियात बिडीला काय तोटा! तिन्ही घरांत नळीवर बिड्या चढल्या. आमच्या यांची बिडी दोन दिवसांत पडायची थांबली. रिकाम्या पिस्तुलावर यांचा हात देवासारखा. भानगड होती ती गोळी भरल्यावर.

दुबेजींचं मात्र उलटं. पहिल्या दिवशी एखादी पडायची, आठवडा गेला तसा एकही टिकेना! टक केलं की बिडी खाली. आणि दुबेजींचा एक नियम होता. "गिरी हुई बीड़ी दुबारा नहीं रखते. अपशकुन होता है." मग त्या बिडीचं करायचं काय? ती ते ओढून टाकायचे. तंबाखू सोडतो म्हणून त्यांनी दुबाइनला वचन दिलेलं, पण ही तर सरकारी प्रॅक्टिस!

दुबाइननं दुसऱ्या दिवशी बिड्यांचा कट्टा उचलून ठेवला आणि नळीवर कडुनिंबाची काडी ठेवली.

त्या दिवसापासून एकदाही पडली नाही!

\*\*\*

जाड भिंतीचा नियम आम्हाला महागात पडला. आमच्या क्वार्टरात जाड भिंत एकच, मागची, दगडाची. बाकीच्या भिंती अशा, की शिंकलं तर दुबेजी पलीकडून "जीते रहो" म्हणायचे. आणि त्या एका जाड भिंतीतल्या कोनाड्यात माझे देव.

देव हलवायला मी तयार नव्हते. नियम मोडायला हे तयार नव्हते. शेवटी ठरलं, की देवांपासून हातभर अंतर सोडून कोळशानं एक ठिपका काढायचा आणि त्यावर नेम धरायचा. देवांची माफी मागून हे रोज प्रॅक्टिस करायचे.

अशात अमरावतीहून सासूबाई आल्या. कुणाला कळवणं हा त्यांचा स्वभावच नव्हता. स्टेशनवरून टांगा करून थेट दारात! मी मागं विहिरीवर. त्या आत शिरल्या तर काय? मुलगा बनियनवर उभा, एक डोळा बारीक केलेला आणि हात ताणून पिस्तूल धरलंय ते कोनाड्यातल्या अन्नपूर्णेच्या दिशेला!

सासूबाईंनी हातातली पिशवी टाकली आणि जो टाहो फोडला तो तीनही क्वार्टरांत पोचला.

"काऊन रे बाबू! नोकरीत पक्कं करत नाई म्हून देवीले पिस्तूल दाखवून राहिला काय तू?"

हे समजावून सांगायला गेले. पिस्तूल रिकामं आहे, हा ठिपका बघ, साहेबांची ऑर्डर आहे. सासूबाईंनी ठिपका बघितला. मग म्हणाल्या, "रिकामं पिस्तूल धरून भिंतीसमोर उभं राहाचे सरकार पगार देते? मंग तं तुले गिरणीतलं काम जमनारच नाई!"

\*\*\*

दुबाइनचं माहेर डोंगरगडचं. भाच्याचं जावळ होतं म्हणून ती सकाळच्या गाडीनं निघाली. आदल्या संध्याकाळी दुबेजींची प्रॅक्टिस झाली होती. गोळ्या नेहमीप्रमाणं दुबाइननं पदराच्या गाठीत बांधल्या होत्या आणि निजायच्या आधी परत द्यायच्या त्या राहून गेल्या. लुगडं बदललं तेव्हा त्या गाठीतून पिशवीत गेल्या. पिशवी डोंगरगडला गेली!

दुसऱ्याच दिवशी दुबेजींना खबर लागली, की दरेकशाच्या जंगलात मोहाच्या दारूच्या भट्ट्या चालल्यात. दुबेजी दोन शिपाई घेऊन गेले. भट्टीवर चांगले धडधाकट पाचसहा जण, हातात कुऱ्हाडी. दुबेजींनी पिस्तूल काढलं, आणि काढल्याबरोबर हाताला ते हलकं लागलं. रोज संध्याकाळी रिकामं पिस्तूल धरणाऱ्या माणसाला ते वजन ओळखू येणारच की!

पण आता करतात काय? तसंच रोखून धरलं. आणि कडुनिंबाच्या काडीची करामत बघा, नळी तसूभर हलली नाही! "हाथ ऊपर! कोई हिला तो देख लेना!" असला स्थिर हात भट्टीवाल्यांनी कुठं बघितलेला? त्यांच्यातल्या म्होरक्यानं कुऱ्हाड टाकली. "येऊन राहिलो न साहेब, येऊन राहिलो! ते पिस्तूल तेवढं तिकडं करा जी!"

सगळी वरात दरेकशाच्या इवल्याशा स्टेशनावर आली. भट्टीवाले दोरीनं बांधलेले, दुबेजी मिशीला पीळ देत उभे. डोंगरगडकडून पॅसेंजर आली, थांबली. खिडकीतून एक हात बाहेर आला. हातात रुमालाचं गाठोडं.

"सुनो जी!" दुबाइन अख्ख्या फलाटाला ऐकू जाईल अशी ओरडली. "आपकी गोलियाँ तो मेरे ही पास रह गई थीं!"

दुबेजींनी आभाळाकडं बघितलं. मग दोरीनं बांधलेला तो म्होरक्या अगदी कळवळून म्हणाला, "बाई, हे कालच नाई का सांगाचं? आमी काऊन आलो असतो जी!"

\*\*\*

मधेच एक लहानसं सांगून टाकते. यांचा हात रिकाम्या पिस्तुलावर देवासारखा, मग गोळी भरली की काय व्हायचं? हे चाप हळू ओढायचे सोडून हिसका मारायचे. गणपत जमादार म्हणाले, "साहेब, तुमी चाप तोडून राहिले. पिळाचा असते तो, म्हशीच्या थानासारखा." आणि सांगून थांबले नाहीत, त्यांनी यांना आपल्या गोठ्यात नेऊन म्हशीखाली बसवलं.

हे अमरावती शहरातले. म्हैस त्यांनी लांबूनच पाहिलेली. पहिला हिसका मारला, म्हशीनं लाथ घातली. बादली एकीकडं, फौजदार शेणात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

जमादार आमच्या दारात येऊन गंभीरपणे म्हणाले, "बाई, साहेबाची टेस्ट घेतली. म्हशीनं फेल केलं!"

पण हे चिकाटीचे. रोज जात राहिले. पंधरवड्यात म्हैस यांना बघून पान्हा सोडायला लागली. मी मनात म्हटलं, चला, कायम नाही केलं तर निदान दुधाचा धंदा टाकता येईल!

\*\*\*

आणि आता त्या उन्हाळ्याच्या टेस्टचं सांगते.

म्हशीनं हिसका घालवला, पण मूळ दुखणं राहिलंच. यांना भीती नेमाची नव्हती, आवाजाची होती. धडाम होणार, धडाम होणार, असं मनात आलं की चाप ओढण्याआधीच डोळे मिटायचे आणि हात दचकायचा. घरी आवाजच नाही तर दचकणार कशाला? म्हणून घरी पास, रेंजवर नापास. टेस्ट जवळ आली तसं यांचं जेवण कमी झालं. एकदा ताटावर बसून म्हणाले, "तुझी बांधाबांध हळूहळू सुरू कर." ते ऐकून मला रडूच कोसळलं. माझ्यासाठी नाही. या माणसानं आयुष्यात फौजदारकीशिवाय दुसरं काही मागितलं नव्हतं.

मग मी डोळे पुसले आणि पितळी परात काढली.

हे भिंतीसमोर पिस्तूल धरून उभे राहायचे. मी आधी चक्री बघून "रिकामं!" म्हणायची, गोळ्या आत ठेवून यायची आणि यांच्या मागं परात घेऊन उभी राहायची. चाप ओढून 'टक' झालं रे झालं, की मी लाटणं हाणायची. धडाम! पहिल्या दिवशी हे वीतभर उडाले. मी सोडलं नाही. टक, धडाम! टक, धडाम! रोज. शेजारीपाजारी घाबरले. पाणी भरायला येणारी सखूबाई कटरेबाईंना विचारत होती, "फौजदारीनबाई साहेबाले मारून राहिली का जी?" कटरेबाई समजूत काढायला आल्या आणि यांना म्हणाल्या, "भाऊजी, परात मी नेऊ काय माह्या घरी?"

हळूहळू हे उडायचे थांबले. मग दचकायचे थांबले. मग पापणीही लवेना. माझ्या हाताला मात्र अशी सवय लागली, की दुबेजींच्या घरातून 'टक' ऐकू आलं तरी माझं लाटणं उचललं जायचं!

टेस्टची जागा नागरा गावाच्या पलीकडं. उन्हाळ्यात आटलेली एक बोडी होती, म्हणजे आमच्याकडचा लहान तलाव. तिच्या उंच पाळीला, म्हणजे बांधाला टेकवून पुठ्ठ्याचे माणूसआकाराचे नेम उभे केले होते. लाल निशाणं लावली, मागं दोरी बांधली. साहेबांचं आणि सगळ्यांचं जेवण करायला आम्ही लाइनीतल्या बायका मोहाच्या झाडाखाली चुली मांडून बसलो होतो.

कटरे पास. दुबेजी पास. मग यांचं नाव पुकारलं. साहेब स्वतः जवळ येऊन उभे राहिले. सहा गोळ्या, त्यातल्या चार पुठ्ठ्यावर लागल्या पाहिजेत. पहिल्या दोन गोळ्या पाळीच्या मातीत गेल्या. तिसरी लागली. चौथी लागली. पाचवीही लागली! आता सगळा जीव शेवटच्या गोळीत.

भात काढायला घेतलेली परात आणि झारा हातातच, मी बघायला निघाले. परात अजून रिकामीच होती. दोरीपाशी आले आणि पाय पुढं जाईनात. जमादारांनी टोपी काढून छातीशी धरली होती. यांनी हात ताणला, श्वास सोडला आणि चाप पिळला.

टक!

गोळी उडालीच नाही. जुन्या साठ्यातली, कधीची सादळलेली. अशी मुकी गोळी उशिरानंही उडू शकते, म्हणून पिस्तूल पुठ्ठ्याकडंच रोखून तसंच थांबायचं असतं, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि ते 'टक' माझ्या कानात शिरलं. पुढचं मी केलं नाही हो, माझ्या हातानं केलं.

धडाम!

जमादार पालथे! दुबेजी पालथे! ठाणेदार कटरे एका शिपायाच्या अंगावर! खुद्द डीएसपी साहेब धुळीत आडवे, टोपी घरंगळत पाळीपर्यंत गेलेली. बोडीत एकच माणूस उभा होता. हात ताणलेला, नजर पुठ्ठ्यावर, आणि नळी अशी, की वर बिडी ठेवली असती तर पडली नसती.

साहेब धुळीतूनच ओरडले, "कोण? कोणी झाडली?"

जमादारांनी पडल्या पडल्या माझ्याकडं बोट केलं. साहेब कोपरांवर उठले. त्यांनी आधी माझ्या परातीकडं बघितलं, मग यांच्याकडं.

"अहो, तुम्हाला ऐकू नाही आलं?"

"आलं साहेब," हे नजर न हलवता म्हणाले. "आमच्याकडं रोजचंच आहे."

साहेब उठून उभे राहिले. गुडघे झटकले. कारकून धावत येऊन विचारायला लागला, की नियमाप्रमाणं यांना बदली गोळी द्यायची का? साहेबांनी आडव्या झालेल्या सगळ्या पोलीस खात्यावरून एकदा नजर फिरवली.

"बदली गोळी कशाला? पास लिहा."

माझ्या डोळ्यांना धार लागली. कटरेबाईंनी माझ्या हातातला झारा काढून घेतला, बहुधा सुरक्षेसाठी! शिपाई हसत उठायला लागले, दुबेजी टोप्या गोळा करायला लागले, साहेब हात धुवायला मोहाच्या झाडाकडं निघाले.

आणि मागून यांचा आवाज आला.

"साहेब, आता हात खाली घेऊ का?"